विश्लेषण : जुन्या गाडीच्या मागच्या चाकाचे बेअरिंग घरी बदलता येते का?

वेग वाढला की वाढत जाणारी घरघर आणि हलवल्यावर डुगडुगणारे चाक. जुन्या गाडीचे हे दुखणे स्वस्तात बरे होते, पण उपचार चुकला तर महागात पडते. बेअरिंग का जाते, ते कसे ओळखावे, घरी काय करावे आणि कोणत्या टप्प्यावर थांबावे, ते पाहूया.

आमच्याकडे बाबांची मारुती ८०० आहे. वय वीस वर्षांकडे झुकलेले, रंग उडालेला, पण अजून एका चावीत सुरू होते. गेल्या पावसाळ्यानंतर ती घरघरू लागली. चिंचवडहून महामार्गाला लागून ४० चा वेग ओलांडला की मागून विमान उडत असल्यासारखा आवाज यायचा. बाबा म्हणाले, “टायर घासलेत.” गॅरेजवाले दादा म्हणाले, “बेअरिंग गेलंय.” मी मेकॅनिकल इंजिनीअर. बेअरिंगचे आयुर्मान काढायचे सूत्र परीक्षेत लिहून आलेली. म्हटले, सुट्टीच्या दिवशी आपणच बदलू. बदलले. नवे बेअरिंग अकराव्या दिवशी पुन्हा घरघरू लागले.

चूक बेअरिंगची नव्हती, माझ्या हातोडीची होती. ती नेमकी कुठे झाली ते पुढे येईलच. पण त्या अकरा दिवसांत आजी त्याच गाडीच्या मागच्या सीटवर बसून दवाखान्यात जाऊन आली होती, हे आठवले की अजून पोटात गोळा येतो. म्हणूनच हा लेख.

बेअरिंग नेमके काय करते?

मागचे चाक ज्या ड्रमवर बसते, तो ड्रम एका जाड दांड्याभोवती फिरतो. या दांड्याला स्पिंडल म्हणतात. तो फिरत नाही, ॲक्सलला पक्का जोडलेला असतो. फिरणारा ड्रम आणि स्थिर स्पिंडल यांच्या मध्ये बेअरिंग असते. त्याची एक आतली रिंग, एक बाहेरची रिंग आणि दोहोंच्या मध्ये छर्रे किंवा रोलर. धातूवर धातू घासण्याऐवजी छर्रे लोळतात, म्हणून चाक हलके फिरते.

बैलगाडीच्या आसाला वंगण घालण्यामागचे कारणही हेच. फरक इतकाच की बैलगाडीत घर्षण कमी केले जाते, बेअरिंगमध्ये ते जवळपास काढूनच टाकले जाते.

या छोट्या वस्तूवर किती काम पडते ते पाहा. मारुती ८०० ला १४५/७० आर १२ मापाचे टायर असते. त्याचा घेर साधारण १.६ मीटर. म्हणजे ताशी ६० किमी वेगाला चाक मिनिटात सुमारे ६२५ फेरे घेते. गाडी १ लाख किमी धावली की ६ कोटींहून अधिक फेरे होतात. सगळी माणसे बसली आणि डिकी भरली की या हलक्या गाडीतही मागच्या एकेका चाकावर २०० किलोच्या आसपास भार येतो. तेवढा भार घेऊन हे सगळे फेरे.

मग ते खराब का होते?

पहिले कारण वय. छर्रे एकाच वाटेवरून कोट्यवधी वेळा गेले की पोलाद थकते, रिंगच्या पृष्ठभागाचे बारीक पापुद्रे निघतात. तिथून घरघर सुरू होते.

दुसरे कारण भार. सूत्र सांगते की बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला तर त्याचे अपेक्षित आयुष्य निम्मे होत नाही, आठव्या हिश्श्यावर येते. डिकीत सिमेंटची पोती वाहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे.

तिसरे कारण खड्डे. चाक खड्ड्यात जोरात आदळले की छर्रा रिंगवर सूक्ष्म खळगा पाडतो. डोळ्यांना तो दिसणार नाही, पण पुढच्या प्रत्येक फेऱ्याला छर्रा त्याच खळग्यात पडतो आणि तो मोठा करत जातो.

चौथे आणि आपल्याकडचे मोठे कारण पाणी. लांबवर चालून तापलेले चाक गुडघाभर पाण्यात गेले की हब एकदम गार होतो. आतली हवा आकसते आणि झिजलेल्या सीलमधून ओल आत खेचली जाते. ग्रीस पांढुरके होते, गंज धरतो. आमच्या गाडीचे बेअरिंग बाहेर काढले तेव्हा आत ग्रीसऐवजी तांबूस चिखल होता.

महिनोन्‌महिने एका जागी उभ्या असलेल्या गाडीतही बेअरिंग जाते. ग्रीस खाली ओघळते आणि छर्रे त्याच ठिकाणी गंजतात. त्यामुळे ‘गाडी फिरतच नाही, मग बेअरिंग कसे जाईल’ हा युक्तिवाद टिकत नाही.

आवाज बेअरिंगचाच कशावरून?

पार्ट विकत घेण्याआधी ही खात्री करायला हवी. चार चाचण्या घरच्या घरी करता येतात.

१. मोकळ्या रस्त्यावर ठरावीक वेगाला गाडी न्यूट्रल करून पाहा. इंजिनचा आवाज खाली आला, पण घरघर तशीच राहून वेग उतरेल तशी उतरली, तर दुखणे चाकाकडचे आहे. चावी मात्र बंद करू नका, ब्रेकची ताकद कमी होते आणि काही गाड्यांचे स्टिअरिंग लॉक होते.

२. डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर गेल्यावर आवाजाचा पोत बदलला तर संशय टायरवर. दोन्हीकडे सारखाच राहिला तर बेअरिंगवर.

३. हलक्या वळणावर कान द्या. गाडी उजवीकडे वळते तेव्हा भार डाव्या चाकांवर जातो. त्या वेळी आवाज वाढला तर बहुधा डावे बेअरिंग. हा अंदाज आहे, निकाल नव्हे.

४. गाडी सुरक्षितपणे उचलून चाक हाताने फिरवा आणि दुसरा हात मागच्या स्प्रिंगवर ठेवा. चांगल्या बेअरिंगला हाताला काही जाणवत नाही. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून थेट बोटांत येते. कानापेक्षा ही चाचणी अधिक भरवशाची.

शेवटी चाक वरून आणि खालून धरून, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी हात ठेवून, आत-बाहेर हलवा. खटखट झाली तर चाकात ‘प्ले’ आहे. प्ले नाही म्हणजे बेअरिंग ठीक, असे मात्र नाही. आमच्या चाकात प्ले अजिबात नव्हता, आवाज भरपूर होता.

आपल्या गाडीत कोणत्या प्रकारचे बेअरिंग आहे?

हा प्रश्न सुटल्याशिवाय नटाला हात लावू नये, कारण पुढची पद्धत यावर ठरते. जुन्या छोट्या गाड्यांत मागे साधारण तीन प्रकार आढळतात.

ड्रममध्ये ठोकून बसवलेली दोन बॉल बेअरिंग : दोन बेअरिंगच्या मध्ये एक पोकळ नळी असते, तिला स्पेसर म्हणतात. मारुती ८०० ची रचना ही.

दोन टेपर बेअरिंग : यात छर्र्यांऐवजी निमुळते रोलर असतात. अमेरिकेत हेन्री टिमकन यांनी १८९८ मध्ये याचे पेटंट घेतले, ते घोडागाड्यांसाठी. यात नट किती आवळला त्यावर बेअरिंगचा प्ले ठरतो.

तयार हब युनिट : बेअरिंग आणि हब एकच, कारखान्यातून सीलबंद आलेले. जुने काढायचे, नवे बोल्टने किंवा नटाने बसवायचे. घरी करायला हे सर्वांत सोपे. एबीएस असलेल्या गाडीत अशा युनिटला चुंबकीय पट्टी असू शकते, तिच्याजवळ लोहचुंबक किंवा लोखंडाचा कीस येऊ देऊ नये.

तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आकृती असते. ती पाहूनच प्रकार ठरवा. ‘दिसायला सारखेच आहे’ यावर जाऊ नका.

विकत घेताना काय पाहावे?

बेअरिंगच्या रिंगवर नंबर कोरलेला असतो. उदाहरणार्थ ६२०४. सुरुवातीचा ६ म्हणजे खोल खाचेचे बॉल बेअरिंग. शेवटच्या ०४ ला ५ ने गुणले की आतल्या भोकाचे माप येते, २० मिमी. पुढे २आरएस असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील, झेडझेड असेल तर पत्र्याची झाकणे. सी३ म्हणजे छर्रे आणि रिंग यांच्यात नेहमीपेक्षा थोडी जास्त मोकळीक. हा नंबर समजण्यापुरता दिला आहे. तुमच्या गाडीचा नंबर जुन्या बेअरिंगवरून किंवा मॅन्युअलमधूनच घ्या. आतले आणि बाहेरचे बेअरिंग वेगळ्या मापाचे असू शकते.

बनावट बेअरिंग ही खरी अडचण आहे. डबा हुबेहूब, आतला माल भलताच. ओळखीच्या किंवा अधिकृत विक्रेत्याकडून घ्या, बिल मागा. काही मोठ्या कंपन्यांनी डब्याचे आणि मालाचे फोटो पाठवून खरे-खोटे तपासायची सोय ॲपमध्ये दिली आहे, तिचा वापर करा. एका चाकातली दोन्ही बेअरिंग एकदमच बदला. सोबत नवे ग्रीस सील, नवी स्प्लिट पिन आणि शक्य असेल तर नवे टोपण घ्या. जुन्या छोट्या गाडीसाठी हा सगळा खर्च सहसा काही शेकड्यांत आटोपतो.

ग्रीस ‘व्हील बेअरिंग ग्रीस’ म्हणून मागा. डब्यात उरलेले कुठलेही ग्रीस चालत नाही. ड्रम ब्रेकमुळे तापतो, साधे ग्रीस पातळ होऊन थेट लायनरवर उतरते.

गाडी उचलताना सर्वांत मोठी चूक कोणती?

नुसत्या जॅकवर काम करणे. गाडीसोबत मिळणारा जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो. ड्रम ओढताना, नट आवळताना गाडीला हिसके बसतात आणि जॅक कलंडतो. त्यामुळे जॅक स्टँड हवेच. गॅरेजात त्याला घोडी म्हणतात. ते नसेल तर हे काम घरी करायचे नाही, इतके सोपे आहे.

जागा सपाट आणि पक्की हवी. मातीवर किंवा सोसायटीच्या उतारावर नको. मागचा ड्रम काढायचा म्हणजे हँडब्रेक सोडावा लागणार. त्यामुळे पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून गुटके लावा. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर पहिल्या गिअरमध्ये ठेवा. घोडी मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच लावा. काढलेले चाक गाडीच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवा, घोडी सरकलीच तर तो शेवटचा आधार. मग गाडीला हाताने जोरात हलवून पाहा. हलायची असेल तर आताच हलू दे, आपण खाली वाकलेलो असताना नको.

ड्रम कसा काढायचा?

मधले टोपण हलक्या हाताने काढले की कॅसल नट दिसतो. त्याच्या डोक्यावर किल्ल्याच्या तटासारखे दाते असतात आणि त्यातून स्प्लिट पिन गेलेली असते. पिन सरळ करून ओढून काढा. नट खूप घट्ट असतो. रिमच्या मधल्या भोकातून त्याला पाना लागत असेल, तर तो गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करून घ्या. उचललेल्या गाडीवर लांब पाइप लावून जोर काढणे धोक्याचे. काही गाड्यांत एका बाजूचे आटे उलटे असतात, तेही मॅन्युअलमध्ये पाहा. काही गाड्यांत पिन नसते, नटाची कडा स्पिंडलच्या खाचेत ठोकलेली असते. तो नट एकदाच वापरायचा, नवा आणावा लागतो.

आता गाडी उचला, चाक काढा, हँडब्रेक सोडा. तरीही ड्रम निघत नसेल तर लायनर आतल्या कडेला अडकलेले असतात. मागच्या पत्र्यातल्या छिद्रातून ॲडजस्टर सैल करा. मग ड्रम पुलर लावा. ड्रमच्या कडेवर हातोडा घालू नका. ड्रम बिडाचा असतो, त्याला तडा जातो.

ड्रम निघाल्यावर दोन गोष्टी पाळा. पहिली, आतली काळी पूड फुंकरीने किंवा कंप्रेसरने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसात गेलेले बाहेर येत नाही. मास्क लावा, पूड ओली करून फडक्याने पुसा. दुसरी, ड्रम बाहेर असताना कोणीही ब्रेक पॅडल दाबू नये. व्हील सिलिंडरचे पिस्टन बाहेर येतात. लायनर ओले दिसले तर सिलिंडर गळतोय. मग काम बेअरिंगपुरते उरत नाही.

बेअरिंग काढताना आणि बसवताना माझे काय चुकले?

जुने काढणे तुलनेने सोपे. आतला स्पेसर थोडा बाजूला सरकवायचा आणि लांब दांड्याने आतल्या रिंगवर आलटूनपालटून, समोरासमोर ठोकत बेअरिंग बाहेर ढकलायचे. ते तसेही फेकायचेच असते. डोळ्यांवर गॉगल मात्र हवाच. बेअरिंगचे पोलाद कडक असते, ठोकताना त्याची कपची उडू शकते. दांडा पितळी किंवा मऊ लोखंडाचा घ्या.

नवे बसवताना नियम उलटा होतो. तो एका ओळीत असा : जी रिंग घट्ट बसते, जोर तिच्यावरच द्यायचा.

या ड्रममध्ये बाहेरची रिंग घट्ट बसते, आतली रिंग स्पिंडलवर हाताने सरकते. म्हणजे जोर बाहेरच्या रिंगवर हवा. मी काय केले? हाताशी आला तो पाइप आतल्या रिंगवर टेकवला आणि हातोडी मारली. प्रत्येक घावाचा सगळा जोर आतल्या रिंगमधून छर्र्यांत आणि छर्र्यांतून बाहेरच्या रिंगमध्ये गेला. छर्र्यांनी दोन्ही रिंगवर खळगे पाडले. खड्ड्यात चाक आदळल्यावर जे होते, ते मी गाडी रस्त्यावर आणण्याआधीच केले होते.

दुसऱ्या वेळी ड्रम आणि नवी बेअरिंग घेऊन भोसरीच्या एका लेथवर गेले. तिथल्या काकांनी बेअरिंग प्रेसखाली ठेवले, वर जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग टेकवली आणि दांडा ओढला. दोन मिनिटांत काम झाले. मी माझा पराक्रम सांगितला तेव्हा म्हणाले, “ताई, ठोकायचं नसतं, बसवायचं असतं.” तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाचा सारांश एका वाक्यात मिळाला.

प्रेस नसेल आणि घरीच करायचे असेल तर तापमानाची मदत घ्या. बेअरिंग हवाबंद पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. ४० मिमी व्यासाचे पोलाद ३० अंशांवरून उणे १८ अंशांवर गेले की सुमारे ०.०२३ मिमी आकसते. ऐकायला काहीच नाही, पण इथली घट्ट बसण्याची मापेही अशीच, शतांश मिलिमीटरमधली असतात. ड्रम उकळत्या पाण्यात गरम करून पूर्ण कोरडा पुसला तर काम आणखी सोपे होते. गॅसच्या ज्योतीवर तापवू नका. बाहेरच्या रिंगच्या मापाचा सॉकेट किंवा जुनी रिंग टेकवून, बेअरिंग सरळ ठेवून हलके ठोका. ते बुडाला टेकले की आवाज बदलतो, बोदा असतो तो एकदम टणक होतो. तिथे थांबा.

पहिले बेअरिंग, मग मधल्या पोकळीत बेताचे ग्रीस, मग स्पेसर, मग दुसरे बेअरिंग आणि सील. स्पेसर विसरला तर सगळे पुन्हा काढावे लागते. एका बाजूला सील असलेल्या बेअरिंगची सीलची बाजू बाहेर ठेवायची. पोकळी ग्रीसने गच्च भरू नका. जास्त ग्रीस घुसळले जाऊन तापते आणि बाहेर येते.

बसवण्याआधी आणखी एक तपासणी हवी. जुनी बाहेरची रिंग ड्रममध्ये फिरलेली असेल तर घर सैल झालेले असते. नवे बेअरिंग तिथे हाताने सरकते. अशा वेळी काही ठिकाणी ड्रमच्या भोकात पंच मारून खुणा उठवतात किंवा पत्र्याची पट्टी गुंडाळून बेअरिंग ‘टाइट’ करून देतात. हे काही दिवसच टिकते. सैल ड्रम बदलायचाच. स्पिंडल निळसर पडलेला किंवा ओरखडे आलेला दिसला तरी तिथेच थांबा आणि जाणत्या मेकॅनिकला दाखवा.

नट किती आवळायचा?

‘फुल टाइट’ हे उत्तर नाही. इथे बेअरिंगचा प्रकार कामी येतो.

बॉल बेअरिंग आणि स्पेसर असेल तर नट आतल्या दोन रिंग आणि मधला स्पेसर यांना एकत्र दाबतो. छर्र्यांवर जादा दाब येत नाही. त्यामुळे मॅन्युअलमधला टॉर्क पूर्ण द्यायचा. कमी पडला तर आतली रिंग स्पिंडलवर फिरू लागते आणि स्पिंडलच खाते. टॉर्क मोजायला टॉर्क रेंच लागतो. अंदाज हवा असेल तर १०० न्यूटन-मीटर म्हणजे एक मीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण १० किलो वजन टांगणे. अंदाज समजण्यासाठी, आवळण्यासाठी नव्हे. दात्यांतून पिनेचे छिद्र जुळत नसेल तर दिलेल्या मर्यादेत नट किंचित पुढे घट्ट करा, सैल करून जुळवू नका.

टेपर बेअरिंगला हेच केले तर ते काही किलोमीटरमध्ये जळेल. तिथे स्पेसर नसतो, नटाचा सगळा दाब रोलरवर येतो. ड्रम फिरवत नट आवळून रोलर बसवायचे, मग नट सैल करायचा आणि मॅन्युअलप्रमाणे अगदी हलका आवळायचा. छिद्र जुळवताना इथे सैल बाजूला यायचे.

दोन्ही प्रकारांत जुनी स्प्लिट पिन पुन्हा वापरायची नाही. नटाला आणि पर्यायाने चाकाला धरून ठेवणारी ती शेवटची कडी आहे. काही रुपयांची पिन वाचवून काय मिळणार?

रस्त्यावर आणण्याआधी काय तपासावे?

• ड्रम हाताने फिरवा. खरखर नको, प्ले नको.

• ब्रेक ॲडजस्ट करा. पॅडल अनेकदा दाबून ते वर आणि टणक येते का पाहा. हँडब्रेक लागतो आणि पूर्ण सुटतो का तपासा.

• चाकाचे नट गाडी जमिनीवर आल्यावर समोरासमोरच्या क्रमाने आवळा.

• पहिली फेरी रिकाम्या रस्त्यावर, एकट्याने, कमी वेगाने पाच-सात किलोमीटरची. उतरून दोन्ही मागच्या चाकांच्या मध्यभागाजवळ हाताची मागची बाजू न्या. बदललेले चाक दुसऱ्यापेक्षा बरेच गरम असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक अडकतोय.

• शे-दीडशे किलोमीटरनंतर चाक पुन्हा हलवून पाहा, चाकाचे नट पुन्हा तपासा.

मग घरी करावे की नाही?

तयार हब युनिट, जॅक स्टँड, टॉर्क रेंच आणि मॅन्युअल हाताशी असेल तर जरूर करा. ठोकून बसवायची बेअरिंग असतील तर मधला मार्ग उत्तम. ड्रम घरी काढा, बेअरिंग लेथवर प्रेसने बसवून घ्या, ड्रम घरी लावा. मी दुसऱ्यांदा हेच केले. लेथवाल्या काकांनी १५० रुपये घेतले. पहिल्या वेळी मी वाचवलेली मजुरी नव्या बेअरिंगच्या दुसऱ्या जोडीत केव्हाच गेली होती.

ज्यांचे चाक आत्ताच खटखटते आहे, त्यांनी सुट्टीची वाट पाहू नये. घरघर काही दिवस सहन होते, पण प्ले आलेले चाक म्हणजे शेवटचा टप्पा. त्यानंतर बेअरिंग फुटणे, स्पिंडल जाणे किंवा चालत्या गाडीत चाक आखडणे, निखळणे यांतले काहीही होऊ शकते. अशी गाडी चालवत गॅरेजपर्यंत नेण्यापेक्षा मेकॅनिकला घरी बोलवा. १५ वर्षांनंतरच्या पासिंगची तारीख जवळ आली असेल तर हे काम त्याआधीच उरकून घ्या. पासिंग दर पाच वर्षांनी येते, खड्डे रोज येतात.

आमची मारुती आता शांत धावते. बाबा मात्र वेग ४० च्या पुढे गेला की अजून रेडिओ बंद करून कान देतात. मी त्यांना रेडिओ लावा म्हणत नाही. जुन्या गाडीच्या मालकाने ठेवावी अशीच ती सवय आहे.